मामानं औषध घेतलं नव्हतं

माझ्या मामानं औषध घेतलं होतं, हे आमच्या घरात अकरा वर्षं सगळ्यांना माहीत होतं. वऱ्हाडात औषध म्हटलं की दवाखान्यातली बाटली आठवत नाही. औषध म्हणजे कपाशीवर फवारायचं. आणि ‘घेतलं’ म्हणजे काय, हे त्या वर्षांत आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही सांगावं लागत नसे. मी तेव्हा सातवीत होते.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. त्याचं गाव चांदूर रेल्वेपासून आत, काळीपिवळीनं पाऊण तास. आम्ही अकोल्याला राहायचो. बाबा कृषी विद्यापीठाच्या शेतांवर कामाला होते. मामाकडे सहा एकर होती आणि कुणाचं काही देणं नव्हतं. शेतीपेक्षा त्याचा जीव फवारणीच्या पंपांत. पंचक्रोशीतले बिघडलेले पंप त्याच्या ओसरीवर यायचे. नखाएवढे वायसर, बारीक जाळ्या, नोझलच्या सुईएवढ्या भोकात अडकलेला कचरा, हे सगळं तो नुसत्या डोळ्यांनी हेरायचा. ओसरीला कायम त्या औषधांचा उग्र वास असायचा. मामी म्हणायची, माझ्या घरी पाहुण्याला चहासुद्धा फवारणीचा लागतो.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्याच्या हातून वायसर सुटायला लागले. आधी एका डोळ्यात धूर आल्यासारखं झालं. दुखत नव्हतं, पाणी येत नव्हतं, डोळा लालही नव्हता. दिवाळीपर्यंत दुसऱ्या डोळ्यातही तेच झालं. समोरचं माणूस उभं आहे हे कळायचं, कोण आहे ते कळायचं नाही. अमरावतीच्या एका दवाखान्यात नेलं तर तिथल्या तरुण डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि मामीला बाहेर पाठवून विचारलं, ‘‘काय पिलं होतं? खरं सांगा. लपवून डोळे परत येणार नाहीत.’’

मामा म्हणाला, ‘‘काहीच नाई पेलो साहेब.’’

डॉक्टरनं मान हलवली. त्याचंही काय चुकलं म्हणा. त्याच पंधरवड्यात शेजारच्या गावातली दोन माणसं गेली होती, आणि जो आठवडा कोरा जाईल त्याचंच नवल वाटावं असे ते दिवस होते. हा माणूस दिवसभर औषधांच्या डब्यांत बसलेला. डोळे गेलेत आणि कारण सापडत नाही. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते लिहिलेलं दवाखान्यातून मामाच्या आधी गावात पोचलं.

गाव वाईट वागलं नाही, हे सांगायला हवं. वाईट वागलं असतं तर मामाला भांडता आलं असतं. गाव फार हळुवारपणे वागलं. लोक येऊन बसायचे, त्याच्या मांडीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, ‘‘वाचला ना गा तू, झालं. लेकरायकडे पाह्य.’’ तो म्हणायचा, ‘‘अबे मी पेलोच नाई.’’ ते म्हणायचे, ‘‘बरं बरं, नाई पेला.’’ कारण सापडेना तेव्हा लोकांनी कारणही शोधलं. जमिनीचा वाद असेल, बायकोशी बिनसलं असेल.

सगळ्यात कठोर माझी आई वागली. ती बातमी ऐकून अकोल्याहून धावत गेली, मला बरोबर घेऊन. ओसरीवर मामा खाली मान घालून बसला होता. आईनं मला पुढे ओढलं, त्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘घे लेकराची शपथ. घे अन् सांग, घेतलं नाई म्हनून.’’

तो म्हणाला, ‘‘हिची शपथ. नाई घेतलं.’’

आईनं त्याचा हात झटकून टाकला. ‘‘डोये गेले ते गेले, आता माह्या पोरीच्या जिवावर खोटं बोलून राहिला,’’ असं म्हणाली आणि मला घेऊन तशीच निघाली. नंतरची अकरा वर्षं ती माहेरी गेली नाही. राखी पोस्टानं पाठवायची, तीही दोन-तीन वर्षांनी बंद झाली.

मामी मात्र राहिली. तिनं नवऱ्यावर विश्वास ठेवला असं नाही. तिनं त्याला राखायचं ठरवलं. पंप दुरुस्तीची सगळी अवजारं आणि डबे उचलून नेले, घरातलं रॉकेल शेजारणीकडे ठेवलं, गोठ्यातले दोर मोजून ठेवले. शेतात निंदायला जायचं तर त्याला बरोबर घेऊन जायची आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसवायची. संडासाच्या दाराला आतून कडी ठेवली नाही. मुलीला हायस्कूलच्या एस.टी.त बसवून परत येईपर्यंत शेजारची म्हातारी त्याच्याजवळ बसवायची. अशी अकरा वर्षं. पुढे मी हे सगळं तिच्याच तोंडून ऐकलं. आम्ही तर जातच नव्हतो.

मी बारावीनंतर अमरावतीला आले आणि जीवरसायनशास्त्र घेतलं. ठरवून घेतलं नव्हतं. दुसरीकडे नंबर लागला नाही. पण एम.एस्सी.ला आल्यावर त्या विषयात माझा जीव रमला. आमचे एक सर होते, ते पेशी फार प्रेमानं शिकवायचे. एके दिवशी त्यांनी फळ्यावर मायटोकॉन्ड्रियाचं चित्र काढलं. शाळेच्या पुस्तकात आम्ही त्याला तंतुकणिका म्हणायचो आणि ‘पेशीचं ऊर्जाघर’ एवढं एकच वाक्य पाठ करायचो. सर म्हणाले, हे अर्धंच खरं आहे. पेशी जगवणारी जी प्रथिनं या कणिकेत असतात, त्यांतलीच काही पेशीला मारूही शकतात. सायटोक्रोम-सी नावाचं एक छोटंसं प्रथिन आहे, ते आतल्या पडद्याला चिकटून इलेक्ट्रॉन इकडून तिकडे पोचवत असतं. निमूटपणे हमाली करणारं. पण ऊर्जेची यंत्रणा बिघडली, आत सगळं तुंबलं, की दुसरी काही प्रथिनं बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात आणि हे हमाल प्रथिन बाहेर पडतं. बाहेर त्याला पाहताच कापणारी प्रथिनं जागी होतात. मग पेशी स्वतःच स्वतःला मोडते. आरडाओरडा नाही, सूज नाही. घडी घालून ठेवल्यासारखे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात.

‘‘थोडक्यात,’’ सर म्हणाले, ‘‘पेशीची आत्महत्या.’’

वर्गात आम्ही वीस-बावीस जण होतो, बहुतेक खेड्यांतून आलेले. माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी उठली, वही तशीच ठेवून बाहेर गेली. सरांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी डस्टर घेतलं आणि फळ्यावर न लिहिलेला शब्दच जणू पुसत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते ‘पूर्वनियोजित पेशीमृत्यू’ म्हणू लागले. मीही आज शिकवताना तोच शब्द वापरते. विद्यार्थी म्हणतात, मॅडम, मोठा आहे. मी म्हणते, असू दे.

त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ बारावीच्या क्लासेससाठी अमरावतीला आला. आम्ही दोघांनी मिळून एक खोली घेतली. तो हुशार होता, आमच्या घरातला सगळ्यात हुशार. इंजिनिअरिंगच्या परीक्षेची तयारी करत होता आणि दर रविवारी क्लासमध्ये सराव परीक्षा असायची. उत्तरपत्रिकेवर छोटे गोळे, बरोबर उत्तराचा गोळा काळा करायचा. पहिले तीन महिने तो पहिल्या पाचांत असायचा. मग गुण घसरायला लागले. एकदा तर तो जवळजवळ शेवटून आला.

मी त्याची उत्तरपत्रिका पाहिली. उत्तरं बरोबर होती, पण एक ओळ खाली. सतराव्या प्रश्नाचं उत्तर अठराव्याच्या गोळ्यात. मी त्याला फार बोलले. आई-बाबा पोटाला चिमटा काढून तुला शिकवतात आणि तुझं लक्ष कुठे असतं, मोबाइल बंद कर, मित्र बंद कर. तो ऐकत राहिला.

चार दिवसांनी सकाळी मी पोळ्या करत होते. तो पाटावर बसला होता, माझ्याकडे तोंड करून. म्हणाला, ‘‘ताई, तू हसून राहिली का रडून राहिली?’’

मी म्हटलं, ‘‘काहून रे?’’

‘‘तुह्या तोंडाच्या जागी धूर दिसून राहिला. केस दिसते, कान दिसते. मधात काहीच नाई.’’

तव्यावरची पोळी जळली तरी मी ती काढली नाही.

चष्मेवाल्यानं तीन नंबर लावून पाहिले. अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं, त्यातला एकही आकडा त्याला वाचता आला नाही. लाल पेनाचं टोपण दाखवलं तर उजव्या डोळ्यानं ते मातीच्या रंगाचं दिसलं, डाव्यानं विटलेलं. डॉक्टरनं विचारलं, ‘‘दारू? तंबाखूचा खर्रा? काही औषध वगैरे घेतलं होतं का?’’ तो अठरा वर्षांचा होता. मी तिथेच उभी होते आणि हा प्रश्न आमच्या घरात आधीही एकदा विचारला गेला होता. दीड महिन्यात डावा डोळाही पुरता तसाच झाला.

आई-बाबा अकोल्याहून आले आणि आम्ही चौघं नागपूरला एका मोठ्या डॉक्टरकडे गेलो. बाई होत्या, साठीच्या पुढच्या. त्यांनी डोळ्यांत औषध घालून बराच वेळ पाहिलं, मेंदूचे फोटो पाहिले आणि आईला विचारलं, ‘‘तुमच्या माहेरी कुणाची नजर तरुणपणी गेली आहे?’’

आई म्हणाली, ‘‘नाही.’’

मी आईकडे बघितलं. बाबांनीही बघितलं. आईनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, ‘‘माहा भाऊ आहे. पन त्याचं तसं नाई. त्यानं औषध घेतलतं.’’

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. ‘‘घेतलं होतं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?’’

‘‘सगळ्यायनं.’’

‘‘आणि ते काय म्हणतात?’’

आईच्या आधी मीच म्हटलं, ‘‘तो म्हणतो, घेतलं नाही.’’

त्यांनी मग कागदावर चित्र काढून समजावलं. मला चित्राची गरज नव्हती. त्यांनी पहिली रेघ मारली तेव्हाच मला समजलं होतं. तंतुकणिकेचा स्वतःचा छोटासा जनुकसंच असतो. त्यात काही थोड्या प्रथिनांचे नमुने लिहिलेले असतात, आणि तो फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात काही वाटा नाही. त्यातलं एक अक्षर बदललेलं असलं तर ऊर्जेच्या साखळीतलं पहिलंच प्रथिन कच्चं बनतं. वर्षानुवर्षं काही होत नाही. मग एखाद्या वर्षी, का ते कुणालाच नीट ठाऊक नाही, डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतले सगळ्यात बारीक धागे, बरोबर मधलं दाखवणारे, थकतात. त्यांच्या तंतुकणिकांच्या पडद्यांना भोकं पडतात. पेशी एकामागून एक स्वतःला मोडत जातात. दुखत नाही, कारण तशा मरणात काही दुखतच नाही. पुरुषांना जास्त होतं, बायकांना कमी. पण पुढे देतात त्या बायकाच.

‘‘तुमच्या भावाचं रक्त मिळालं तर खात्री होईल,’’ त्या आईला म्हणाल्या.

परतीच्या गाडीत आई खिडकीपाशी बसली होती. वर्धा गेलं, पुलगाव गेलं. चांदूर रेल्वेच्या फलाटावर गाडी थांबली तशी ती अचानक उठली आणि पिशवी घेऊन उतरली. आम्हीही मागोमाग उतरलो.

मामाच्या ओसरीवर अकरा वर्षांनी पाय ठेवला तेव्हा तिथे पंप नव्हते, वासही नव्हता. मामा खाटेवर बसला होता, केस पांढरे झालेले. मामी समोर तूर पाखडत होती. मामानं मान किंचित तिरकी केली आणि म्हणाला, ‘‘कोन? माही बहीन का?’’

आई उंबऱ्याशीच उभी राहिली. ‘‘हो दादा.’’

‘‘ये. पाऊल टाकतानी उजवा पाय घासतं तू. लहानपनापासून घासतं.’’

आईनं अकरा वर्षांत साठवलेलं काय काय बोलायचं ठरवलं असेल, माहीत नाही. ती एवढंच म्हणाली, ‘‘दादा, तुहं रक्त पाहिजे. पोराचे डोये गेले.’’

मामा उठला. हात पुढे करून माझ्या भावाला शोधलं, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बोटांनी पापण्या चाचपल्या. ‘‘मधात धूर आहे?’’

‘‘हो,’’ भाऊ म्हणाला.

‘‘कडेनं दिसते?’’

‘‘थोडं थोडं.’’

‘‘तेच. मले बी तेच.’’ मग त्यानं विचारलं, ‘‘तुले कोनी इचारलं का, काय पेला म्हनून?’’

भाऊ रडायला लागला. नागपूरच्या डॉक्टरसमोरही तो रडला नव्हता. मामानं त्याला जवळ ओढलं नाही, समजावलं नाही. नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

रक्त अमरावतीत काढून पुढे दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत गेलं. भावाचं, आईचं, मामाचं. माझं तपासायची गरज नव्हती. आईत असेल तर माझ्यात असणारच. अहवाल यायला दोन महिने लागले. तिघांच्याही कागदांवर तोच बदल, त्याच जागी.

तो कागद मी मामीच्या अंगणात बसून वाचून दाखवला. इंग्रजी होता, मी मराठीत सांगत गेले. शेवटी म्हटलं, ‘‘मामी, मामानं काही घेतलं नव्हतं. हे जन्मापासून त्याच्या अंगात होतं.’’

मला वाटलं होतं ती देवापुढे दिवा लावील. ती उभी राहिली, हातातलं सूप खाली आपटलं आणि माझ्यावरच ओरडली, ‘‘मंग मी काय राखून राहिली होती इतकी वर्सं? मी माह्या मायच्या मयतीले गेली नाई, यायले एकटं सोडा लागन म्हनून! पोरीच्या बाळंतपनाले गेली नाई!’’ ओरडता ओरडता तिचा आवाज बसला. ‘‘अन् हे रोज सांगून राहिले होते. रोज. मी म्हनो, हो हो.’’

आईनं तिचे पाय धरले. मामीनं ते सोडवूनही घेतले नाहीत.

मामा म्हणाला, ‘‘कागद कोनाले दाखवायचा आता? ज्यायनं म्हनलं त्यातले अर्धे मेले.’’

मी त्याला विचारलं, बरं वाटलं का. त्यानं विचार केला आणि म्हणाला, ‘‘मले माहीतच होतं ना बापा. मले काय नवं सांगितलं तू?’’

पुढच्या बुधवारी मामी एकटी चांदूरच्या बाजाराला गेली. सकाळी गेली ती संध्याकाळी आली. मामानं तिच्यामागे कडी लावून घेतली, आतून. नुसती लावून बसला. शेजारची म्हातारी घाबरून दार वाजवत राहिली तर आतून म्हणाला, ‘‘जिवंत आहो वो. जराक एकटं बसू दे.’’

क्लास सुटला होता. परीक्षा गेली होती. भाऊ अकोल्याला घरी राहीना. बाबा बोलत नसत आणि आई दिवसभर त्याच्याकडे बघून रडे. मामा म्हणाला, इथे पाठवा. तसा तो चार महिने मामाकडे राहिला, आणि डोळे गेल्यावर जगायचं कसं हे मामानं त्याला शिकवलं. ‘‘समोर नको पाहू. जे पाह्यचं त्याच्या बाजूले पाह्य. मानसाच्या कानाकडे पाह्य म्हंजे नाक दिसते.’’ भाकरीचा तुकडा ताटात कसा फिरवायचा, नोटा बोटांनी कशा ओळखायच्या, चालताना धुऱ्याच्या गवताचा आवाज कसा ऐकायचा. मला वाटायचं तो सावरतोय. मी महिन्यातून एकदा जायचे, तो हसायचा.

त्या चार महिन्यांतलं एक मला फार उशिरा कळलं. भावानंच सांगितलं, त्याला नोकरी लागल्यावर, एका दुपारी अकोल्याच्या घरी गच्चीवर बसलो असताना. सहज सांगावं तसं त्यानं सांगितलं.

मामाकडे असताना एके दुपारी मामी शेतात गेली होती. आता तिला कुणाला राखायचं नव्हतं, त्यामुळे फवारणीचं सामान पुन्हा घरात आलं होतं, मागच्या खोलीत. मामा ओसरीवर झोपला होता. भाऊ चाचपडत त्या खोलीत गेला. त्याच्या हातात डबा होता. झाकण फिरवलं तेवढ्यात दारातून मामाचा आवाज आला.

‘‘ते झाकन आधी दाबा लागते, मंग फिरवा लागते. मी हजार येळा उघडलं. ठेव खाली.’’

भाऊ म्हणाला, ‘‘मामा, मी नुसतं...’’

‘‘मले माहीत आहे नुसतं काय ते. ठेव.’’

मामानं डबा काढून घेतला, झाकण घट्ट लावलं. मग दोघं जमिनीवर बसले. मामा म्हणाला, ‘‘हे मी कोनाले सांगनार नाई. तुह्या मायले नाई, मामीले नाई. कोनालेच नाई. काहून ते समजते ना? हे एकदा चिकटलं का निंघत नाई. माह्या अंगाले न करता चिकटलं. तुह्या अंगाले मी चिकटू देनार नाई.’’

त्या दिवसापासून भाऊ गावात असेपर्यंत मामा त्याच्यापासून दहा पावलांवर हलला नाही. भाऊ विहिरीवर तर मामा विहिरीवर. मामीला सांगितलं, औषधाच्या वासानं डोकं धरते, सामान दुसरीकडे ठेव. तिनं काही विचारलं नाही, ठेवलं. जे मामीनं त्याच्यासाठी केलं होतं आणि ज्यात त्याचा जीव अकरा वर्षं घुसमटला होता, तेच त्यानं माझ्या भावासाठी केलं, फक्त न सांगता. मला अजून ठरवता येत नाही की त्यानं बरोबर केलं का. एखाद्या डॉक्टरला, निदान मला, सांगायला हवं होतं. दहा पावलांच्या आत मामाला झोप लागली असती तर? हे मी भावाला म्हटलं. तो म्हणाला, ‘‘त्याले झोप लागतच नव्हती ताई. मी रोज त्याचा खोकला ऐको.’’

तो खोकला नुसता जागरणाचा नव्हता. दोन वर्षांनी मामा छातीच्या आजारानं गेला. तेराव्याला मांडवात मी पत्रावळींवर वाढत होते तेव्हा मागच्या पंगतीतला एक माणूस शेजाऱ्याला सांगत होता, ‘‘औषध आतून खातच राहते. आज ना उद्या नेतेच.’’ माझ्या पर्समध्ये तेव्हा तो अहवाल होता. मी भात वाढला आणि पुढे गेले.

भाऊ आज अकोल्यात एका कार्यालयात टेलिफोनवर बसतो. लग्न झालं, दोन मुलं आहेत. ती सुरक्षित आहेत, बापाकडून हे येत नाही. मामाची मुलगीही सुरक्षित होती. तिला ‘बाप औषध पेलेला’ म्हणून तीन स्थळांनी नाकारलं होतं, आणि धोका होता तो आमच्या घरात. मला जे पहिलं स्थळ आलं त्यांना मी सगळं सांगितलं. ते चहा पिऊन गेले. नंतर मी कुणाला बोलावलं नाही.

आईची एक मावसबहीण अकोल्यातच राहते. दोघींच्या आया सख्ख्या बहिणी. तिला दोन मुलगे. आईला झोप लागेना, म्हणून मागच्या वर्षी मी तिला घेऊन तिथे गेले. आईनं कागद पिशवीतून काढून तिच्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘‘पोरायचं रक्त तपासून घे. खर्रा-दारूपासून दूर ठेव, डॉक्टरीन म्हनते त्यानं धोका वाढते. होईलच असं नाई, पन माहीत असलेलं बरं.’’

मावशीनं कागद हातात घेतला नाही. ‘‘आमच्यात असं काई नाई बाई. तुमच्या घरात झालं म्हनून आमच्यात काहून होईन?’’ ती उठली आणि आत जाऊन पोहे घेऊन आली. आम्ही खाल्ले. तिनं आईला कुंकू लावलं, मला आग्रहानं पुन्हा वाढलं आणि दारापर्यंत पोचवायला आली.

ऑटोत बसल्यावर आई म्हणाली, ‘‘पुढच्या महिन्यात परत येऊ.’’

आम्ही परत गेलो. तेव्हा तिनं दार उघडलं नाही; आतून टीव्हीचा आवाज येत होता.